गिरिभ्रमण संस्था, महाराष्ट्रातील

महाराष्ट्रातील डोंगर, किल्ले व घाटवाटा पायी हिंडण्याच्या आणि कडे-सुळके चढण्याच्या छंदातून उभ्या राहिलेल्या, सभासदांच्या विनावेतन श्रमांवर चालणाऱ्या संस्था. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, लोणावळा, महाबळेश्वर इ. ठिकाणी त्यांची केंद्रे आहेत. गिरिभ्रमण, प्रस्तरारोहण, हिमालयातील मोहिमा, दुर्गसंवर्धन आणि अपघातग्रस्तांचा शोध व बचाव ही त्यांची मुख्य कार्यक्षेत्रे होत. यांतील बहुतेक संस्थांजवळ स्वतःची वास्तू नाही, पगारी नोकरवर्ग नाही आणि कायमचा निधीही नाही. सभासदांचा वेळ, जुन्यांकडून नव्यांकडे जाणारे कौशल्य आणि डोंगरपायथ्याच्या गावांशी जुळलेला ऋणानुबंध हेच त्यांचे भांडवल होय. या भांडवलाची जमा व झीज हाच त्यांच्या इतिहासाचा गाभा म्हणता येईल.

पूर्वपीठिका : डोंगर चढणे हा खेळ म्हणून महाराष्ट्रात विसाव्या शतकात रुजला, पण सामुदायिक कर्तव्य म्हणून डोंगर चढण्याची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी आहे. तिचे एक ठळक उदाहरण विवळवेढे (ता. डहाणू, जि. पालघर) येथे आढळते. मुंबई–अहमदाबाद महामार्गालगतच्या या गावी महालक्ष्मीचे मंदिर असून त्याच्या पाठीशी महालक्ष्मीचा डोंगर व त्याचा उंच सुळका उभा आहे. मूळ स्थान डोंगरावर असल्याची श्रद्धा आहे. एका गर्भवती भक्त स्त्रीला चढ सोसवेना, तेव्हा तिच्यासाठी देवी पायथ्याशी येऊन राहिली, अशी आख्यायिका सांगतात. चैत्री पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस येथे यात्रा भरते. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागांतील आदिवासी, तसेच किनाऱ्यावरील व गुजरातमधील भाविक तीत मोठ्या संख्येने येतात. या यात्रेत वाघाडी येथील सातवी घराण्यातील पुजारी रात्रीच्या अंधारात तीव्र चढाची वाट चढून डोंगरमाथ्यावर ध्वज लावतो. हा ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून येण्याचा प्रघात आहे.

असाच प्रघात सप्तशृंगगडावर (जि. नाशिक) आहे. तेथे चैत्रातील यात्रेत रात्री दरेगावच्या गवळी घराण्यातील मानकरी शिखरावर ध्वज फडकवितो. दोन्ही ठिकाणी चढणारा एकटा असला, तरी चढाई एकट्याची नसते. वाटेचे ज्ञान घराण्यात उतरते, चढण्याचा मान गावाने मान्य केलेला असतो आणि माथ्यावर ध्वज दिसेपर्यंत पायथ्याचा समुदाय जागा असतो. वाट जाणणाऱ्याने समुदायासाठी धोका पत्करावा व त्याचे मोल पैशात घेऊ नये, ही कल्पना आधुनिक संस्थांनी या परंपरेकडून जाणीवपूर्वक उचलली असे म्हणता येत नाही. तथापि ज्या भूमीत त्या वाढल्या, तिला ती अपरिचित नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

उदय व विस्तार : हौशी गिर्यारोहकांची पहिली संघटना म्हणजे लंडनचा अल्पाइन क्लब (१८५७). ऑस्ट्रियात १८६२ मध्ये व जर्मनीत १८६९ मध्ये अशा संघटना निघाल्या. भारतात १९२८ मध्ये हिमालयन क्लबची स्थापना झाली. प्रारंभी त्यात ब्रिटिश लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांचा भरणा होता. स्वातंत्र्यानंतर त्याचे स्वरूप पालटले आणि पुढे त्याचा कारभार मुंबईहून चालू लागला. मुंबईचे हरीश कापडिया यांनी या क्लबच्या नियतकालिकाचे दीर्घकाळ संपादन केले. सह्याद्रीतील वाटांची पद्धतशीर माहिती देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक अनेक पिढ्यांना मार्गदर्शक ठरले.

तेनसिंग नोर्गे व एडमंड हिलरी यांनी २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्ट सर केल्यावर भारतात गिर्यारोहणाविषयी कुतूहलाची लाट उसळली. १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे हिमालयीन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था निघाली. मराठी तरुणांनी चालविलेल्या आद्य गिर्यारोहण संस्थांत तिची गणना होते. १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. या शासकीय संस्थांतून शिकून आलेल्या तरुणांनी दोर बांधण्याचे, कडा चढण्या-उतरण्याचे तंत्र सह्याद्रीत आणले आणि आपापल्या संस्थांत इतरांना शिकविले. ज्ञानाचा हा प्रसार जवळजवळ सर्वस्वी विनामूल्य झाला.

दुसरा प्रवाह इतिहासप्रेमाचा होता. शिवकालाविषयीच्या आस्थेमुळे किल्ले पाहण्याची ओढ पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गात पूर्वीपासून होती. गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांच्या भ्रमंतीने व दुर्गविषयक लेखनाने तिला दिशा मिळाली. हिमालयाकडे पाहणारा क्रीडाप्रधान प्रवाह व किल्ल्यांकडे पाहणारा इतिहासप्रधान प्रवाह यांचा संगम हे महाराष्ट्रातील संस्थांचे खास लक्षण आहे. येथे सुळका चढणारा तरुण किल्ल्यावरील टाकी व दरवाजे यांविषयीही बोलतो आणि किल्ल्याचा अभ्यासक दोर वापरण्यास शिकतो.

१९७० नंतर, विशेषतः १९८० च्या दशकात, संस्थांची संख्या झपाट्याने वाढली. पुण्यातील ‘गिरिप्रेमी’ (१९८२), मुलुंडची ‘चक्रम हायकर्स’, लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’, नाशिकची ‘वैनतेय’, कोल्हापूरची ‘हिल रायडर्स’ ही त्यांतील काही परिचित नावे होत. उपनगरी रेल्वे व राज्य परिवहनाची बस यांमुळे शनिवारी रात्री निघून रविवारी रात्री परत येणे कारखान्यातील कामगाराला, बँकेतील कारकुनाला व विद्यार्थ्यालाही परवडू लागले. या विस्तारामागील हे साधे पण महत्त्वाचे कारण होय. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ ही या संस्थांची समन्वयक संघटना आहे. मुलुंड येथील महाराष्ट्र सेवा संघात २००२ पासून भरू लागलेल्या गिरिमित्र संमेलनामुळे त्यांना एकत्र येण्याचे वार्षिक व्यासपीठ मिळाले.

संस्थांचे अंतर्गत जीवन : संस्थेचा कारभार सामान्यतः निवडलेले कार्यकारी मंडळ पाहते, परंतु तिचे खरे जीवन साप्ताहिक भेटीत व मोहिमेच्या तयारीत असते. भेटीची जागा बहुधा उसनी, म्हणजे एखाद्या शाळेचा वर्ग, सभासदाच्या घराची गच्ची वा वाचनालयाचा कोपरा असते. तेथे मार्ग ठरतो, शिध्याची यादी होते, भांडी व दोर वाटून घेतले जातात. खर्च ‘तुझे तू, माझे मी’ या तत्त्वावर, वर्गणीने भागविला जातो. दोर, कॅराबिनर, खिळे, शिरस्त्राणे इ. साधने महाग असल्याने ती संस्थेच्या मालकीची ठेवून सर्वांनी वापरण्याची पद्धत पडली. सामाईक दोराची निगा राखणे हा शिस्तीचा पहिला धडा ठरला, कारण एकाच्या हयगयीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो.

पदभ्रमणात पुढे वाट जाणणारा व शेवटी अनुभवी सभासद अशी रचना असते. शेवटच्याच्या मागे कोणी राहू नये, हा नियम कटाक्षाने पाळतात. नवागताला प्रथम सामान वाहणे, पाणी आणणे, स्वयंपाकात हात लावणे ही कामे पडतात. पुढे त्याला शेवटी चालण्याची व काही वर्षांनी पुढे चालण्याची जबाबदारी मिळते. अशा रीतीने नेतृत्व परीक्षेने नव्हे, तर सहवासाने घडत जाते. या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही स्पष्ट आहेत. तिच्यामुळे निर्णयाची सवय व परस्परविश्वास मुरतो. पण जुन्यांनी येणे थांबविले, की शिक्षणाची साखळी तुटते आणि संस्था केवळ नावापुरती उरते. स्त्रियांचा सहभाग प्रारंभी अल्प होता. मुक्कामाच्या सहलींस घरून मिळणारा नकार हे त्याचे प्रमुख कारण होते. पुढे मात्र स्त्रिया मोहिमांतच नव्हे, तर प्रशिक्षण व संघटन यांतही पुढे आल्या.

सह्याद्रीच्या भूरचनेने या संस्थांना विशिष्ट वळण दिले आहे. दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट खडक लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलेला असून कठीण थरांमध्ये ठिसूळ थर येतात. त्यामुळे उभे कडे, पायऱ्यांसारखे टप्पे व एकाकी सुळके तयार झाले. हा खडक निसटता, गवताने झाकलेला व पावसाळ्यात निसरडा असतो. म्हणून प्रस्तरारोहणाचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यात येतो, तर पावसाळ्यात पदभ्रमणावर भर असतो. सुळक्यावरील पहिली चढाई बहुधा अनेक दिवस चालते. खालून पाणी व अन्न पोहोचविणारे, दोर सांभाळणारे व तळावर थांबणारे यांच्या श्रमांवर माथा गाठणारा उभा असतो. या अनामिक साह्यकर्त्यांची नोंद वृत्तपत्रांत क्वचितच होते. संस्थांच्या दैनंदिनींत मात्र ती आढळते.

यूरोपातील संस्थांशी तुलना केल्यास एक फरक नजरेत भरतो. ऑस्ट्रिया व जर्मनी येथील संघटनांनी आल्प्स पर्वतात शेकडो निवारे बांधले, वाटा आखल्या व त्यांची मालकी सांभाळली. महाराष्ट्रातील संस्थांनी असे काही बांधले नाही. गुहा, किल्ल्यावरील देऊळ, मारुतीच्या मंदिराचा ओटा किंवा पायथ्याच्या घरची पडवी हाच त्यांचा निवारा राहिला. यामुळे डोंगरावर बांधकामे झाली नाहीत, हा एक लाभ. दुसरा परिणाम असा, की शहरी भटक्याला गावकऱ्याच्या दारी जावेच लागले. वाटाड्या, पाणी, भाकरी व अडचणीच्या वेळी मनुष्यबळ यांसाठी तो ठाकर, महादेव कोळी, कातकरी, वारली, कोकणा, धनगर इ. समाजांतील कुटुंबांवर अवलंबून राहिला. अनेक संस्थांनी पायथ्याच्या शाळांना वह्या-पुस्तके देणे, आरोग्य शिबिरे भरविणे, पाण्याची टाकी साफ करणे अशी कामे अंगावर घेतली, ती या ऋणाच्या जाणिवेतून होत.

हिमालयीन मोहिमा : सह्याद्रीत शिकलेल्यांनी हिमालयात जाणे हा पुढचा स्वाभाविक टप्पा होता. लष्कर, पोलीस वा सीमा दले यांच्या मोहिमांमागे शासनाचे बळ असते. नागरी संस्थांना मात्र निधी जमविण्यापासून रजा मिळविण्यापर्यंत सर्व स्वतः करावे लागे. १९८८ मध्ये गिरिविहारने वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली कांचनजंगा (८,५८६ मी.) या जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर नागरी मोहीम नेली. शिखर हाती आले नाही आणि संजय बोरोले हे तरुण गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. तरीही हौशी संस्था एवढ्या मोठ्या मोहिमेचा भार उचलू शकते, हे या प्रयत्नाने दाखवून दिले. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील १९९८ च्या मोहिमेत पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १८ मे रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. हे शिखर गाठणारे ते पहिले महाराष्ट्रीय होत. गिरिप्रेमीच्या गिर्यारोहकांनी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये एव्हरेस्ट व १५ मे २०१९ रोजी कांचनजंगा सर केले. दुसऱ्या मोहिमेत संस्थेचे दहा गिर्यारोहक माथ्यावर पोहोचले. कृत्रिम भिंतीवरील क्रीडा-प्रस्तरारोहणातही संस्था पुढे आल्या. नवी मुंबईत २०१६ व २०१७ मध्ये झालेल्या बोल्डरिंग प्रकारातील विश्वचषक स्पर्धांच्या संयोजनात गिरिविहारचा प्रमुख वाटा होता.

शोध व बचावकार्य : संस्थांच्या कार्याचे समाजाला सर्वाधिक उपयोगी पडलेले अंग म्हणजे बचावकार्य. ते कोणी योजून सुरू केले नाही. दरीत पडलेल्यापर्यंत पोहोचण्याचे तंत्र पोलीस वा अग्निशमन दल यांच्याजवळ पुरेसे नव्हते. ते या तरुणांजवळ होते, म्हणून त्यांना बोलावणे येऊ लागले. लोणावळा, खोपोली, महाबळेश्वर यांसारख्या घाटमाथ्याच्या व घाटपायथ्याच्या गावांतील संस्था हळूहळू बचावपथकेच बनल्या. ब्रिटनमध्येही पर्वतीय बचावकार्य प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या पथकांवर चालते. परंतु तेथे त्यास दीर्घकालीन संघटना, लोकवर्गणी व मान्यता यांचा आधार आहे.

महाराष्ट्रात वेगवेगळ्या संस्थांच्या कामात सुसूत्रता आणण्यासाठी २०१६ मध्ये गिर्यारोहकांचे बचाव समन्वय केंद्र सुरू करण्यात आले. अपघाताची वार्ता येताच घटनास्थळाजवळची संस्था कोणती, तिच्याजवळ कोणती साधने आहेत, हे पाहून पथक रवाना करणे आणि पोलीस, वन विभाग व रुग्णालय यांना कळविणे हे त्याचे कार्य होय. पथक पोहोचेपर्यंत जखमीपाशी सर्वप्रथम जातात ते बहुधा गावकरीच. झोळी वा डोली करून त्याला खाली आणण्याचे काम त्यांनी संस्था निघण्याच्या कितीतरी आधीपासून केले आहे.

दोन प्रसंग या कार्याची व्याप्ती दाखवितात. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर–महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस शेकडो फूट खोल दरीत कोसळली व एक जण सोडून सर्व प्रवासी मृत्युमुखी पडले. भर पावसात दरीत उतरून मृतदेह वर आणण्यात महाबळेश्वर ट्रेकर्स व परिसरातील अन्य संस्थांच्या स्वयंसेवकांनी महत्त्वाची कामगिरी केली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी (ता. खालापूर, जि. रायगड) ही ठाकर समाजाची वस्ती दरडीखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले व सत्तावन्न व्यक्ती बेपत्ता राहिल्या. वस्तीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. अंधारात, पावसात डोंगर चढूनच मदत पोहोचवावी लागली. या चढणीत अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. ज्या वाटेने भटके वर्षानुवर्षे इर्शाळगडाला गेले, त्याच वाटेने खोपोली व आसपासच्या संस्थांचे स्वयंसेवक रात्रीच वर गेले. वाडीतील अनेक कुटुंबांशी भटक्यांचा जुना परिचय होता. ती त्यांच्या मुक्कामाची जागा होती.

अनुभवी माणूसही धोक्यापासून मुक्त नसतो. सह्याद्रीच्या वाटांचे जाणकार व ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अपघाती मृत्यू झाला.

दुर्गसंवर्धन : किल्ल्यांवरील केरकचरा गोळा करणे, टाक्यांतील गाळ काढणे, वाटा मोकळ्या करणे व बुजलेल्या अवशेषांची नोंद ठेवणे ही कामे अनेक संस्था करतात. उत्तर कोकणातील अशेरीगड, गंभीरगड, सेगवाह, तलासरी तालुक्यातील बल्लाळगड यांसारखे कमी परिचित किल्ले अभ्यासाच्या कक्षेत आणण्यात स्थानिक दुर्गप्रेमींचा मोठा वाटा आहे. संरक्षित स्मारकांवर काम करताना १९५८ चा केंद्रीय व १९६० चा राज्य कायदा लागू होतो. उत्साहाच्या भरात केलेली डागडुजी वा उकरणे पुरावा नष्ट करू शकते, म्हणून पुरातत्त्व विभागाची परवानगी व जाणकारांचे मार्गदर्शन आवश्यक असते. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने महाराष्ट्रातील अकरा व तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. यामुळे किल्ल्यांची प्रतिष्ठा वाढली, तशीच गर्दीची व निगेची जबाबदारीही वाढली आहे.

श्रद्धास्थाने व संस्था : सह्याद्रीतील अनेक माथे देवस्थानांचे आहेत. विवळवेढे येथील महालक्ष्मीचा सुळका प्रस्तरारोहकांच्या परिचयाचा आहे. परंतु भाविकांच्या दृष्टीने तो देवीचा डोंगर आहे. अशा ठिकाणी खडकात खिळे ठोकणे, माथ्यावर पादत्राणांसह वावरणे, यात्रेच्या काळात चढाई करणे यांविषयी स्थानिकांच्या भावना काय आहेत, हे विचारून घेणे ही केवळ सभ्यता नव्हे, तर संस्थेच्या अस्तित्वाची गरज आहे. चढाईची परवानगी कागदावर वन विभाग देतो. प्रत्यक्षात ती गाव देते. ध्वज चढविणाऱ्या पुजाऱ्याचे डोंगराशी असलेले नाते व दोर घेऊन आलेल्या शहरी तरुणाचे नाते एक नव्हे, याचे भान ठेवणाऱ्या संस्थांना अडीअडचणीत गावाचे साहाय्य मिळत आले आहे.

नियमन व सद्यःस्थिती : समाजमाध्यमांच्या प्रसारानंतर डोंगरावर जाणाऱ्यांची संख्या अतोनात वाढली आणि शुल्क घेऊन सहली नेणारे व्यावसायिक संयोजक पुढे आले. त्यांपैकी काही जबाबदारीने काम करतात. परंतु ओळखपाळख नसलेल्या मोठ्या जमावाला एकदोन मार्गदर्शकांच्या भरवशावर नेण्याची प्रथाही पडली. अपघातांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसंबंधी शासननिर्णय काढला व २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, विमा, प्रथमोपचार यांवर त्यांत भर आहे. सुरक्षिततेच्या हेतूशी संस्थांचे दुमत नाही. मात्र नफ्यासाठी चालणारा व्यवसाय व वर्गणीवर चालणारी संस्था यांना एकाच मापाने मोजल्यास दुसरीचा टिकाव लागणार नाही, अशी हरकत त्यांनी घेतली.

या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न कायद्यापेक्षा खोल आहे. गिऱ्हाईक म्हणून डोंगरावर गेलेल्या माणसाचा संबंध सहल संपताच संपतो. सभासद म्हणून गेलेला काही वर्षांनी इतरांना नेऊ लागतो आणि अपघाताची हाक आल्यावर मध्यरात्री दोर घेऊन निघतो. गर्दी वाढल्याने बचावाच्या हाका वाढल्या. परंतु त्यांना ओ देणारे सभासद घडविणारी साप्ताहिक भेट, सामाईक दोर व अनेक पावसाळ्यांचा सहवास ही व्यवस्था त्या प्रमाणात वाढलेली नाही. बचावपथकांतील स्वयंसेवक आपली रोजी बुडवून जातात. विमा, साधने व प्रवासखर्च यांचा प्रश्न अनेकदा त्यांचा त्यांनाच सोडवावा लागतो. शासनाने आपत्तिव्यवस्थापनात या पथकांना निश्चित स्थान व साधनांचे साहाय्य द्यावे, ही त्यांची मागणी रास्त आहे. त्याचबरोबर नव्या पिढीला प्रवासी न मानता सभासद करून घेणे हे काम संस्थांना स्वतःच करावे लागेल. ते दुसऱ्या कोणाकडे सोपविता येण्याजोगे नाही.